आठ दिवसांच्या बोलीवरचे स्पीकर

तुमच्या घरात कधी एखादी वस्तू आठ दिवसांच्या बोलीवर आली आहे का? आमच्याकडे स्पीकरची जोडी आली. एवढ्याशा दोन डब्यांनी आठ दिवसांत इतके किस्से दिले, की भरलेलं लग्नघर देणार नाही!

आमचे हे वीस वर्षं उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवत होते. गाणी ऐकली ती सगळी इंजिनाच्या घरघरीत. आता घरी बसल्यावर यांची एकच हौस, गाणं एकदा नीट ऐकायचं. पण सासूबाईंनी अट घातली, "आठ दिसांत मला पटलं तर ऱ्हातील. न्हायतर परत!" दुकानदारही कबूल झाला.

*

दुकानदार त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणाला. आमच्या घरात पुस्तकं दोनच. पंचांग आणि मुलीचं दहावीचं गाईड! मग फळीवरच्या माझ्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या.

मी म्हटलं, "अहो, तिथे लोणचं कोण शोधणार?"

"वास येईल ना!"

*

पहिल्या दिवशी यांनी आम्हा दोघींना चटईवर मोजूनमापून बसवलं. "हलू नका. दोन्ही स्पीकर सारखे लांब पाहिजेत."

सासूबाई म्हणाल्या, "गानं लावतोस का फोटो काढतोस?"

गाणं संपलं. मला तर गाणारीने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. सासूबाई मात्र मांडणीवरच्या भांड्यांकडे बघत होत्या. आमच्याकडे हळदीला डीजे लागला की शेजारच्या आळीतली भांडी नाचतात.

"एक ताट पन हाललं न्हाय. याला आवाज म्हनतात व्हय?"

"आई, याला क्लॅरिटी म्हणतात!"

"मंग क्लॅरिटी परत दे."

*

मिठागरात भरतीचं पाणी घ्यायचं काम करणारे बळीरामभाऊ शेजारीच राहतात. आईला पटवायला साक्षीदार हवा, म्हणून यांनी त्यांना बोलावलं आणि समुद्राच्या लाटांचा आवाज लावला. लाट डावीकडून आली, उजवीकडे गेली. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. हे खूश!

भाऊंनी डोळे उघडले. "ओहोटी हाय. पानी येयाचं न्हाय. बंद कर."

*

माझीही फजिती झालीच. दुपारी मालिका स्पीकरवर लावून मी भाकऱ्या थापत होते. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला. दोन शिट्ट्या मालिकेतल्या होत्या!

भात कचकचीत राहिला. यांनी तो निमूट खाल्ला, वर म्हणाले, "आज भात छान मोकळा झालाय."

*

सातव्या दिवशी संध्याकाळी यांनी खोकी काढली. एक डाग दिसला तरी परत घेणार नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून हे मऊ फडक्याने स्पीकर पुसत होते. तोंड एवढंसं झालेलं.

मला राहवेना. सासूबाई तरुणपणी लग्नांत धवले गायच्या. त्यांची एक जुनी कॅसेट मुलीने मोबाईलवर घेतली होती. म्हटलं, जाता जाता हे तरी ऐकूया.

टेपवर नुसता बायकांचा गलका वाटायचा. आता एकेक बाई वेगळी ऐकू येत होती. सासूबाई ताठ झाल्या. "सुरेश, पुन्यांदा लाव. मोठा कर."

त्यांच्या जोडीला गायची ती त्यांची नणंद, गंगूआत्या. "वहिनी विसरली, म्हनून धवला मी सावरला," असं याच लग्नाबद्दल गंगूआत्या तीस वर्षं गावभर सांगते.

दुसऱ्या कडव्याला सासूबाईंचा आवाज सरळ पुढे चालला होता. गंगूआत्या गप्प! आणि मग तिचीच कुजबुज, अगदी स्वच्छ, "वहिनी, फुडं काय गं?"

सासूबाई पदर सारखा करून जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही स्पीकरना हळदकुंकू लावलं आणि गंगूआत्याला चहाला बोलावलं.