ओट्यात बसवलेले संगणक

त्या दिवशी मोबाईलवर दोन मेसेज एकाखाली एक आले. पहिला असा की आपल्या शाळेची संगणक योजनेत निवड झाली आहे, अभिनंदन. दुसरा त्याच ऑफिसातून, त्याच ग्रुपवर: कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत समायोजित करायच्या आहेत, तरी आपल्या शाळेची माहिती तातडीने द्यावी. मी दोन्ही वाचले, चष्मा पुसला आणि परत वाचले. दोन्ही आम्हालाच होते.

शाळा राजूरच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीवर. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची. शिकवायला मी आणि मुख्याध्यापक गुरुजी. मुलं इतकी कमी की हजेरी घ्यायची गरजच नसे, कोण आलं नाही ते दारातूनच दिसायचं. मी मूळची कोपरगावकडची. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील मास्तर आणि मीही त्याच वाटेला लागलेली. त्यामुळे सरकारी कागद आपल्याला वाचता येतो असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला.

"अहो गुरुजी, शाळा बंद करायचीय की तिथे कॉम्प्युटर लावायचेत?" मी विचारलं.

गुरुजी निवृत्तीला टेकलेले. "बाई, तो एक विभाग, हा दुसरा विभाग. आपण दोन्हीकडची माहिती भरून टाकायची."

भरून टाकली. माझं डोकं मात्र भणाणून गेलं.

शाळा समितीची अध्यक्ष वाडीतलीच एक आई होती. तिची धाकटी दुसरीत. समायोजन म्हणजे ही पोरं खालच्या रस्त्यावरच्या शाळेत जाणार, आणि मधला ओढा पावसात असा भरतो की मोठी माणसंही अलीकडेच थांबतात. मी तिला दोन्ही मेसेज वाचून दाखवले.

"मंग नेमकं काय, बाई? शाळा ऱ्हानार का जानार?"

"ताई, खरं सांगू? मला कळत नाही."

ती म्हणाली, "सरकार येवढी मोलाची वस्तू पाठवतंय म्हंजी शाळा ऱ्हानार. जिथं मोडायचं तिथं कोन कशाला लावील?"

मला ते पटलं. शहाण्या माणसाला पटेल असंच होतं ते.

संगणक आले. टेबलं आली नाहीत. ती दुसऱ्या योजनेतून येणार होती. संगमनेरहून जोडणारा आला, त्याने सगळं जमिनीवर मांडून दिलं आणि "उंदरांपासून जपा" असं सांगून निघून गेला. पोरं पोटावर पालथी पडून पडद्यावर चित्रं काढायला लागली. अध्यक्षांच्या धाकटीने एक घर काढलं, त्याला दार काढायला विसरली आणि मग दिवसभर ते दार कुठे लावायचं याच्यावर वर्गात भांडण झालं. मी ओरडले, पण मला आतून फार बरं वाटत होतं.

मग दिवाळीची सुट्टी लागली. मी कोपरगावला गेले, गुरुजी त्यांच्या गावी. किल्ली अध्यक्षांकडे.

परत आले तर ताई दारातच उभी. "बाई, डोळं मिटा." मी वैतागतच डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर भिंतीला लागून नवाकोरा ओटा होता, सिमेंटचा, वरून कडप्पा. तिचा नवरा गवंडी. त्याने संगणकांची खोकी ओट्यात थेट चिणून टाकली होती, नुसती बटणं आणि वायरींची भोकं उघडी ठेवून. पडद्यांचे पायसुद्धा सिमेंटात. वरून लोखंडी पट्ट्या. अख्खी वाडी राबली होती. शेजारी रांगोळी, झेंडू, उदबत्ती.

"अहो, हे काय केलंत?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"बसवला," गवंडी म्हणाला, जसा मारुती बसवल्याचं सांगावं तसा. "आता न्हाई हालत."

ताईने खुलासा केला. "बसीवलेला देव कोनी हलवीत न्हाई, बाई. ह्यो हितं, म्हंजी शाळाबी हितं."

मी रविवारी चर्चला जाणारी बाई, नारळ काही मी फोडला नाही. तो गुरुजींनी वाढवला, आणि खोबरं मीही खाल्लं. रागवावं की हसावं हे मला ठरवता येईना. गंमत म्हणजे संगणक सुरू झाले. पोरं आता उभी राहून, टाचा उंचावून चित्रं काढू लागली, कारण ओटा मोठ्या माणसांच्या मापाचा झाला होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातले साहेब टेम्पो घेऊन आले. शाळेचं समायोजन होणार, तरी संगणक खालच्या शाळेत हलवायचे. मी त्यांना खोलीत नेलं. ते ओट्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," गवंडी पुढे झाला. बिचाऱ्याला वाटलं शाबासकी मिळणार.

"फोडा."

"फोडलं तं आतलंबी फुटंल, सायेब."

साहेबांनी वर फोन लावला. वरच्यांनी आणखी वर लावला असावा, कारण साहेब कानाला मोबाईल लावून अंगणात बराच वेळ येरझारा घालत होते. मग येऊन मला म्हणाले, "बाई, फोडताही येत नाही आणि नेताही येत नाही. अहवालात मी काय लिहू?" त्यांचा चेहरा पाहून मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. आम्ही दोघंही सारखेच गोंधळलेलो. शेवटी फोटो काढून टेम्पो रिकामाच खाली गेला.

वाडीत त्या दिवशी शिरा झाला. ताईने माझ्या हातावर जास्तीचा घास ठेवला. "बगितलं का, बाई? हालला का?" मलाही वाटलं, जिंकलो आपण. खरंच वाटलं.

जूनमध्ये आदेश आला. मुलं खालच्या शाळेत. मीही त्यांच्याबरोबर तिथेच. गुरुजी निवृत्त. आणि संगणक, स्थलांतर शक्य नसल्याने, आहेत त्या जागी सुरक्षित ठेवावेत, जबाबदारी माझी.

खालच्या शाळेत आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात नवी टेबलं रचलेली होती, संगणकाची. दुसऱ्या योजनेतली. धाकटीने टेबलाखाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं. "बाई, हितं कम्प्युटर कुटंय?" मी तिला पाढे म्हणायला लावले.

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की मी वर जाते. मशीन सुरू करून बघायची, म्हणजे दमट हवेने खराब होत नाहीत. किल्ली ताईकडेच आहे. ती खोली झाडून ठेवते, ओटा पुसते, उदबत्ती लावते. पाऊस लागला की ओढा बघून ती पोरीला घरीच ठेवते. यंदा पोरगी खालच्या शाळेपेक्षा घरीच जास्त राहिली, आणि लिहायला आलेलं विसरायला लागली आहे.

परवा मी मशीन सुरू केलं तर पडद्यावर ते बिनदाराचं घर अजून तसंच होतं. ताई माझ्या मागे उभी राहून पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "देव तं न्हाई हालला. पोरं हालली. आमचं चुकलं कुटं?"

तिचं काही चुकलं नव्हतं एवढंच मी म्हणाले, आणि मग कोणाचं चुकलं हे तिने विचारू नये म्हणून उगीचच वायर तपासत बसले.