कौतुकाच्या वेळची प्रार्थना

आमच्या गावच्या चर्चमध्ये दोन सख्खे भाऊ अबोला धरून कित्येक वर्षं वेगवेगळ्या दारांनी यायचे. त्या रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन संपलं आणि थोरल्यानं उठून सगळ्यांसमोर धाकट्याला मिठी मारली. मंडळीचे डोळे भरून आले. नंतर बाहेर मांडवात जेवणाच्या पंगतीत ज्याच्या त्याच्या तोंडी पाळकसाहेबांचंच नाव होतं.

ते मात्र कुठं दिसेनात. मी बोलवायला गेले, तर रिकाम्या चर्चमध्ये वेदीपुढं गुडघे टेकून बसलेले.

"साहेब, आता काय मागताय? देवानं तर ऐकलं की!" मी हसत म्हटलं.

"काल प्रवचनात काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, ताई, म्हणून देवाचा हात घट्ट धरला होता," ते म्हणाले. "आज सगळे माझं कौतुक करतायत. हात सुटायचा तो आजच."

काम फत्ते झालं की आपण देवाचे आभार मानून मोकळे होतो. हा माणूस नेमका तेव्हाच स्वतःला जपत होता. प्रवचनापेक्षाही मला ते वाकलेले खांदे मोठे वाटले.

बाहेरून हाका येत होत्या. ते उठले नाहीत. दोघा भावांची नावं घेऊन पुन्हा प्रार्थना करू लागले, आणि मीही त्यांच्यामागं गुडघे टेकले.