हितं आक्का अडली

फोन आला तेव्हा मी खुर्चीतच बसले होते. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा धाकटा भाऊ सिद्धाराम मुलांना वेबसाइट बनवायला शिकवायचा, आणि कॉम्प्युटरसमोरची पत्र्याची खुर्ची माझी होती. शेजारच्या स्टुलावर लावण्या, त्याची विद्यार्थिनी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिच्या कामात काय काय जमलंय ते सिद्धूनं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. चुका आज सांगायच्या होत्या. जुळे सोलापूरला एका गिऱ्हाइकाकडं जाऊन येतो म्हणून तो सकाळीच गाडीवरून गेला होता आणि जाताना मला बजावून गेला होता, "आक्का, मी आल्याशिवाय माउसला हात लावू नको." मी लावला नव्हता. फोनवर कुणी अनोळखी माणूस होता. "तुमी सरांच्या घरच्या का? सर जिन्यात पडलेत. लवकर या." लवकरच गेलो आम्ही. पण त्या परक्या जिन्यातच सगळं आटोपलं होतं…

लोक विचारतात, तुमचा भाऊ काय करायचा? मी सांगते, तो पोरांच्या चुका सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटतं मी टोमणा मारतेय. टोमणे मी मारतेच, सगळी पेठ जाणते, पण हा टोमणा नव्हे. वेबसाइट बनवायला शिकवणारे ढीगभर आहेत. नवशिक्या पोरानं जीव ओतून केलेलं पहिलंवहिलं काम बघून त्याला काय सांगायचं, कधी सांगायचं, कसं सांगायचं, याचा विचार करणारा मला तरी दुसरा भेटला नाही.

त्याची पद्धत दोन दिवसांची. पोरगं काम दाखवायला आलं की पहिल्या दिवशी फक्त जमलेलं सांगायचं. नुसतं "छान" म्हणायचं नाही. तो शब्द त्याला खपतच नसे. "फोन नंबर वर ठेवलास, हे लई भारी केलंस. का ठेवलास?" असं विचारायचा. पोरगं गडबडायचं. कारण ते बहुतेक वेळा चुकून जमलेलं असे. मग सिद्धू त्याच्याकडूनच कारण काढून घ्यायचा, की आपण बरोबर काय केलं ते त्याचं त्यालाच कळावं. आणि चुका? चुकांसाठी उद्या यायचं. "अरे, आजच सांगून टाक की! पोराला खेपा कशाला घालायला लावतोस?" मी म्हणायची. तो म्हणायचा, "आक्का, उपाशीपोटी औषध देत न्हाईत."

मला हे मुळीच पटायचं नाही. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, तांबड्या शाईनं वह्या रंगवल्या, आणि माझी पोरं काही मेली नाहीत. तुझी पोरं लाडानं नासणार, असं मी त्याला उठता-बसता ऐकवायची. पण त्याचं कारण मला माहीत होतं. शिक्षण संपवून तो पुण्याला नोकरीला लागला होता. त्याचं पहिलं पान तिथल्या साहेबानं भिंतीवर मोठं करून दाखवलं आणि सगळ्या खोलीसमोर एकेक चूक मोजली. सगळे हसले. चुका खऱ्याच होत्या, असं सिद्धू स्वतः सांगायचा. "पण आक्का, त्यातली एक बी मला ऐकू आली न्हाई. नुसतं हसणं ऐकू आलं." तो बॅग घेऊन परत आला. कितीतरी महिने आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. अव्वा, आमची आई, ताट घेऊन दारात उभी राहायची आणि तसंच परत न्यायची. त्या खोलीतून तो बाहेर आला तो हा क्लास घेऊनच.

दुसऱ्या दिवशी माझं काम असायचं. मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला हवं होतं. मला खुर्चीत बसवून तो एकच काम सांगायचा. "आक्का, हे दुकान किती वाजता उघडतंय, शोध." ज्यानं काम केलं त्यानं शेजारी तोंड मिटून बसायचं. "तिथं बघा की" म्हणायचं नाही, बोट दाखवायचं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. मी आपली चाचपडत सुटायची. करड्या रंगावर करडी अक्षरं मला दिसायची नाहीत. आपोआप सरकणारे फोटो वाचून होण्याआधी पळायचे, तेव्हा मी त्यांना शिव्या घालायची. पोरं लाल व्हायची, गप्प बसायची. आणि मी थांबले की सिद्धू हलकेच म्हणायचा, "हितं आक्का अडली."

झालं. एवढंच. तू चुकलास, असं तो कधी म्हणाला नाही. चूक कुणाची, हा प्रश्नच त्या खोलीत नव्हता. आक्का अडली, आता आक्काला वाट करून दे. पोरगं उठायचं ते रडत नाही, कामाला लागायचं. माझ्या तांबड्या शाईला हे कधी जमलं नाही, हे मी त्याच्या तोंडावर मान्य केलं नाही, पण मनात करत होते.

पुढं पुढं पंचाईत झाली. बघून बघून मला सगळं यायला लागलं. मेनूच्या आडव्या तीन रेघा दिसल्या की माझं बोट आपसूक तिथं जायचं. सिद्धू डोक्याला हात लावायचा. "आक्का, शिकू नको ग तू! तू शिकलीस की माझी पोरं संपली." मग मी मुद्दाम अडल्याचं सोंग करायची, आणि तो लगेच ओळखायचा.

दाराचंही सांगायला हवं. अव्वा कर्नाटकातल्या खेड्यातली. आम्ही लहान असताना ती सांगायची, तिच्या गावात रात्री एक हडळ घरोघरी जाऊन माणसांना हाका मारायची आणि ओ दिली की घेऊन जायची. म्हणून लोक दारावर लिहून ठेवायचे, 'नाळे बा'. उद्या ये. ती वाचायची आणि परत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. क्लास सुरू केला तेव्हा सिद्धूनं उरलेल्या निळ्या ऑइलपेंटनं दारावर तेच लिहिलं, आतल्या बाजूनं, म्हणजे पहिल्या दिवशीचं पोरगं घरी जाताना ते वाचेल. अव्वा भडकली. "देवाचं नाव लिहायचं सोडून भुताला लिहितोस?" हा हसतोय. "अव्वा, भूत आलं तर त्यालाबी उद्याच बोलवीन की." पोरांना कन्नड येवो न येवो, ते दोन शब्द सगळ्यांना पाठ झाले. निघताना सर म्हणायचे "नाळे बा", आणि सगळी एका सुरात "बरं सर" म्हणायची.

आता ते अक्षर बघितलं की माझं डोकं उठतं. दारावर लिहून काय उपयोग? वाचायला ती हडळ दारात यायला तर हवी. तिनं त्याला जुळे सोलापूरच्या जिन्यात गाठलं. आणि त्यानंही शहाण्यासारखं आतल्या बाजूनं लिहिलेलं…

शेवटची वर्षं तशी वाईटच गेली. आता एआयच्या यंत्राला सांगितलं की तेच वेबसाइट बनवून देतं, शिकायचं कशाला, असं म्हणत पोरं यायची थांबली. स्टुलं एकात एक घालून कोपऱ्यात गेली. मी चिडून विचारलं, "आता तुझं काय काम उरलं रे?" तो म्हणाला, "यंत्र करतंय की चांगलं. पण आक्का कुटं अडली ते त्याला कोण सांगणार?" बोलला खरं. पण त्या संध्याकाळी तो कितीतरी वेळ रिकाम्या खोलीत दिवा न लावता बसून होता. शेवटी उरली एकटी लावण्या. विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. गल्लीतल्या एक मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात, त्यांची वेबसाइट तिनं करायला घेतली होती. तिचं पहिलं खरं गिऱ्हाईक. पहिला दिवस तिला मिळाला. सिद्धूनं तिला भरभरून सांगितलं, मी आतून ऐकत होते. तिचा 'उद्या' मात्र त्या हडळीनं नेला.

काही आठवड्यांनी ती दारात आली. रडली नाही. "आक्का, सरांनी तुमाला सांगितलं होतं का काही? माझं काय चुकलंय ते?" नव्हतं सांगितलं. आधी सांगितलं तर मी सोंग करते, म्हणून तो मला कधीच सांगत नसे. मी म्हटलं, "फारसं काही नसेल ग." ती मान हलवत म्हणाली, "न्हाई आक्का. सर त्या दिवशी पान बघताना एका जागी थांबले होते. कायतरी दिसलं होतं त्यांना. मला झोप लागत न्हाई." मावशी रोज विचारतात, आणि काय चुकलंय ते कळल्याशिवाय ही पोर साइट चालू करणार नाही. मी काय सांगणार कपाळ? जे त्याला दिसलं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. आता जगात ते कुणालाच माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

तरी तिनं कॉम्प्युटर चालू केला. मला खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसली, तोंड मिटलं. "आक्का, भाकरीची ऑर्डर द्या." मी दिली. कुठंच अडले नाही. हे मेलं शिकलेलं बोट बरोबर जागेवर जात राहिलं. तिचा चेहरा उतरत गेला. पान खाली सरकवत मी अगदी तळाला आले. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, मार्गदर्शन : सिद्धाराम सर.

माझा हात थांबला. माउस पुढं जाईना की मागं येईना. समोरचं सगळं धुरकट झालं. शेजारून सवयीनं, अगदी त्याच्याच हलक्या आवाजात लावण्या पुटपुटली, "हितं आक्का अडली…"

मग ती पुढं वाकून त्या ओळीकडं बघायला लागली. काय चुकलंय ते शोधत होती बिचारी. बराच वेळ शोधून तिनं विचारलं, "आक्का, नावाच्या आधी कै. घालायचं राहिलं का? घालू?"

तिचं बरोबर होतं. मी शाळेत असते तर तांबड्या शाईनं मीच घातलं असतं. तिच्या बोटांना एवढंसं काम होतं, एक अक्षर आणि एक टिंब.

मी म्हटलं, "नाळे बा."

ती उठली. कॉम्प्युटर बंद केला, स्टूल कोपऱ्यात सरकवलं, दारावरची निळी अक्षरं वाचली आणि "बरं आक्का" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली. मी पुन्हा तेच सांगितलं.