पाणी कुठून येतं

गल्लीत सगळे तिला खेकडेवालीच म्हणायचे. सूनसुद्धा पाठीमागे तेच म्हणायची, तोंडावर मात्र 'आई'. बाई फटकळ. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायची, आधी बिळात हात घालून या, मग भाव करा. खांद्यापर्यंत हात चिखलात घालून तिने जन्म काढला. नवरा लवकर गेला, लेकाला तिने एकटीने वाढवलं, पण कुणापुढे हात पसरला नाही.

हे सगळं खाडीकाठच्या खारफुटीच्या जिवावर. लोक तिथून नाक दाबून जायचे. अहो, त्याच घाणीत, त्या उघड्या मुळांच्या गुंत्यात मासळीची पिल्लं मोठी होऊन खाडीभर पसरायची. वादळात लाटा त्या मुळांत शिरून दमायच्या, म्हणून गल्लीतली घरं कोरडी राहायची. त्याचं बिल कधी आलं नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एका कंत्राटदाराचा त्या जागेवर डोळा गेला. हिरवी खारफुटी तोडायला बंदी. वाळलेलीला कोण विचारतो? त्याने खाडीच्या बाजूने बांध घातला, म्हणजे भरतीचं पाणी तुटेल आणि झाडं आपोआप मरतील. वर्ष उलटलं तरी झाडं हिरवीगार. पाणी कुठून तरी आत येतच होतं. त्याच्या मुकादमाने शोधत शोधत सगळा बांध पालथा घातला, पण हाती काही लागलं नाही.

शेवटी तो खेकडेवालीच्या घरी येऊन बसला. लेक भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. कारखाना बंद पडल्यापासून तो तसाच होता, धड जेवत नव्हता, बायकोशी बोलत नव्हता. मुकादमाने ते पाहिलं आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "रखवालदाराची कायमची नोकरी देतो पोराला. पाणी कुठून येतं तेवढं दाखवा, मावशी."

तिला कळलं नाही असं कुणी म्हणू नये. सगळं कळलं. पण तिने मनाची समजूत घातली, की खारं पाणी पिऊन जगणारी इतकी चिवट झाडं, एक तोंड बुजवलं तर दुसरीकडून ओढून घेतील. आणि लेकाकडे बघवत नव्हतं. ओहोटीला तिने मुकादमाला रस्त्याखालची मुळांनी झाकलेली जुनी मोरी दाखवली. संध्याकाळच्या आत ती सिमेंटने बंद झाली.

पुढे काही दिवस खेकडे भर उन्हात बिळाबाहेर आले. टोपली भरून वाहिली आणि ती चक्क खूश झाली! ते मरायला बाहेर आलेत हे तिला, तिला कळू नये? मग पानं पिवळी पडून गळाली. झाडांनी दुसरीकडून काहीही ओढलं नाही. ओढणार कुठून? खाडीत जाळी रिकामी येऊ लागली. पुढच्याच वादळात पाणी गल्लीत घुसलं, लोक पोरांना घेऊन टेबलांवर उभे राहिले. सगळ्यांनी समुद्राला शिव्या घातल्या. तिला कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

लेक मात्र माणसात आला होता. कडक गणवेश घालून कंत्राटदाराच्या त्याच जागेच्या फाटकावर उभा राहायचा, घरी आल्यावर हसायचा. नोकरी कशी मिळाली हे आईने त्याला सांगितलं नव्हतं.

एक दिवस ती टोपली घेऊन फाटकाशी आली. आत जायला सगळ्यांनाच मनाई. लेकाने इकडेतिकडे पाहिलं, कुलूप काढलं आणि ऐटीत म्हणाला, "जा आई. कुणी विचारलं तर मी बघून घेतो."

आत वाळलेली खोडं आणि जात्यासारखी टणक जमीन. ती सवयीने एका बिळापाशी बसली, खांद्यापर्यंत हात घातला. हाताला कोरडी माती लागली. मग दुसऱ्या बिळात घातला, मग तिसऱ्यात.

बाहेर आली तेव्हा लेकाने टोपलीत डोकावून विचारलं, "काहीच नाही मिळालं?"

"बारीक होते रे," ती म्हणाली. "वाढू देत म्हटलं. सोडून दिले."

त्याला ते पटलं. त्याने फाटकाला कुलूप लावलं.