तापीवर व्याह्याला बोलतं केलं

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुकेल, पण खोटं लिहिणार नाही.

बायको आधीच गेलेली, म्हणून पोरीचं स्थळ एकट्यानं पाहिलं. धुळ्याकडचं घर, पोरगा आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. मी बागायत किती ते विचारलं, विहिरीत वाकून पाणी पाहिलं. पोरगा एवढा का वाळला, ते विचारलं नाही. व्याही आपणहून म्हणाला, "गाडीवरचं खाणं, आबा. बायकोच्या हातचं खाईल की भरेल."

दोन वर्षांत जावयानं खाट धरली. एड्स. त्याला नाशिकला नेलं, मुंबईला नेलं. तोच रोग पोरीला झाला, तर तिला अंगारा लावला. जावई मेला आणि पंधरा दिवसांत तिला एका पिशवीनिशी आमच्या अमळनेरच्या एसटीत बसवून दिलं. भांडी, जमिनीतला वाटा, सगळं तिकडेच. वर व्याह्यानं भाऊबंदांत सांगितलं, "तिनीच आणा रोग. माहेरथून लई उनी."

पिठाच्या गिरणीत बाया तिच्या डब्यापासून आपला डबा सरकवायच्या. ती म्हणाली, "आबा, मरणाचं काही नाही. पण हे खोटं माझ्या नावावर नको."

आठ महिन्यांनी मीच तिला अग्नी दिला.

दहाव्याला तापीवर व्याही आला. लोकलाजेस्तव. पिंड मांडला, कावळा बाभळीवरून उतरला, भोवती फिरला, पण शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, मग कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा. म्हातारे मला म्हणाले, "आबा, सोडी द्या आते. व्याहीवरला राग सोडा, म्हना."

"नाही सोडणार," मी म्हटलं. "तिची इच्छा मला ठाऊक आहे. ती पुरी करणारा हा उभा आहे. व्याही, रोग कुणाचा?"

"देवले माहीत."

"देवाला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं."

ऊन डोक्यावर आलं. वाळू तापली. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, मी त्यांचा हात धरला. कावळा शिवल्याशिवाय कुणाला जेवता येईना. शेवटी त्याच्याच भाऊबंदातला एक म्हातारा खेकसला, "सांगी टाक ना रे! उपाशी मारशी का बठ्ठासले?"

व्याह्यानं टोपी काढली. खाली बघून म्हणाला, "पोऱ्याना रोग. लगीनना आधी रक्तना कागद मन्हा हातमा व्हता. लोके सांगेत, लगीन कयं म्हणजे उतरी जाई."

"मोठ्यानं."

त्यानं परत सांगितलं.

कावळा कधी शिवला ते मी पाहिलं नाही. मी व्याह्याचं तोंड पाहत होतो.

लोकांना वाटलं, मिटलं. माझं मिटलेलं नाही. त्याच्या धाकट्या पोराचं रक्त तपासलं, चांगलं निघालं, हेही मला माहीत आहे. तरी त्याच्यासाठी कुठं स्थळ निघालं असं कानावर आलं की मी एसटी धरतो. पोरीच्या बापाला दारातच गाठतो. म्हणतो, "पोरगा निरोगी आहे, पण बाप कागद दडवणारा आहे. माझी पोर त्यानं खाल्ली. आता तुमचं तुम्ही बघा." तीन जागी मोडलं.

धाकट्याचा काय दोष, असं मला विचारतात. माझ्या पोरीचा काय होता, ते आधी सांगा.