गाडीतून उतरायचं नाही

सुनीतीबाईंना आफ्रिकेत वाघ दिसला आणि त्यांच्या गाडीची किल्ली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते चटकन कळणार नाही. पण ज्यांची मुलं केंब्रिज आणि एडिनबरासारख्या शहाण्या गावांत राहतात, त्यांना अंदाज येईल.

सुनीतीबाई आजगावकर मूळच्या सावंतवाडीकडच्या. लग्न करून डॉक्टर श्रीकांतांच्या मागोमाग इंग्लंडला आल्या, ते ज्या ज्या गावच्या हॉस्पिटलात गेले तिथे तिथे संसार मांडला आणि शेवटी हाउन्सलोला टेकल्या. हीथ्रोवर चेक-इनच्या काउंटरवर त्यांना नोकरी लागली. बॅग तुम्हीच भरलीत ना, कुणी काही दिलेलं नाही ना, असं विचारत त्यांनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांना विमानात बसवण्यात घालवलं. जोहान्सबर्गची रांग त्यांना फार आवडायची. खाकी टोप्या, गळ्यात दुर्बिणी, आणि पिकल्या केसांची माणसंही शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी खूश. आपणही जाऊ, असं त्या श्रीकांतांना म्हणायच्या. ते म्हणायचे, पुढच्या वर्षी. गाडी कायम तेच चालवायचे. बाई शेजारी नकाशा धरून बसायच्या, आणि रस्ता चुकला की चूक नकाशा धरणाऱ्याची असायची. लायसन्स बाईंकडेही होतं. ते पर्समध्ये असायचं.

मग श्रीकांत गेले. पुढचं वर्ष असं काही नसतंच, हे बाईंना त्या हिवाळ्यात कळलं, आणि दुःखाच्या जोडीला त्यांना चक्क राग आला. श्रीकांतांचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. त्या रागाच्या भरात त्यांनी गाडी बाहेर काढली. आधी वाण्यापर्यंत, मग रिचमंडपर्यंत, आणि एके दिवशी थेट मोटरवेवर. मागच्याने हॉर्न दिला तर वाजव बाबा, असं मोठ्याने म्हणायची सवय लागली. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एकदा खांबाला घासून दार चेपलं. बाईंनी ते चेपलेलं दार तसंच ठेवलं.

सत्तरी उलटल्यावर त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या जंगलाचं बुकिंग केलं. मुलांना सांगितलं, सफारीला चालले आहे. मुलांनी समजून घेतलं की उघडी जीप असेल, गाइड असेल, दुपारी चहा-बिस्किटं असतील. हा समज दुरुस्त करायच्या भानगडीत बाई पडल्या नाहीत.

भाड्याची छोटी पांढरी गाडी घेऊन त्या एकट्याच जंगलाच्या फाटकापाशी पोचल्या. तिथली गाड्या डावीकडूनच चालवायची पद्धत हाउन्सलोसारखीच, फरक एवढाच की वळणावर समोरून बसऐवजी हत्ती येतो. फाटकावरच्या रेंजरबाईंनी कागद बघितले, रिकामी शेजारची सीट बघितली आणि एकच नियम दोनदा सांगितला. कॅम्प येईपर्यंत काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. गाडीत आहात तोवर प्राण्यांच्या लेखी तुम्ही गाडी. खाली पाय ठेवलात की तुम्ही जेवण. बाईंना हा नियम फारच पटला. त्यांना वाटलं, लग्नात आहेरासोबत हाच सांगायला हवा होता.

पहिल्याच दिवशी एक हत्ती रस्ता अडवून उभा राहिला आणि कान हलवायला लागला. बाई इतक्या घाबरल्या की रिव्हर्स कुठे असतो तेच क्षणभर सुचेना. मग सावकाश, अगदी सावकाश, त्यांनी गाडी मागे घेतली. हत्तीला रस्ता दिला आणि तो गेल्यावर पुन्हा पुढे निघाल्या. त्या दिवसापासून त्यांचा तोरा वाढला.

पक्ष्यांचं पुस्तक विकत घेतलं होतं, पण नावं आपोआप लहानपणचीच तोंडात यायची. जात वेगळी, रंग थोडे वेगळे, पण घराणं तेच. लांब चोचीचा धनेश, तारेवरून झेपावून माशी पकडणारा वेडा राघू, उगाच बोंबलणारी टिटवी. आणि कॅम्पच्या तळ्याकाठी खांबावर बसणारा खंड्या, म्हणजे निळ्या पंखांचा मासे मारणारा किंगफिशर. त्याचा भाऊबंद हाउन्सलोजवळच्या क्रेन नदीवरही असतो. बाईंनी फॅमिली ग्रुपवर कौतुकाने लिहिलं, ‘खंड्या भेटला. रोज सकाळी माझ्याआधी येऊन बसतो. बोलत नाही, पण काय रुबाब आहे!’

एडिनबराला हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या शिल्पाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, हे वाचलं आणि लगेच केंब्रिजला भावाला फोन केला. तिचा प्रश्न साधा होता. हा खंड्या कोण?

वाघाची गोष्ट त्यानंतरची. एका दुपारी हरणांचा एक कळप चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा होता. टिटवी ओरडत होती. बाईंनी इंजिन बंद केलं. आसपास दुसरी गाडी नव्हती, बोट दाखवणारं कुणी नव्हतं. त्या झाड न् झाड बघत राहिल्या, मान अवघडली, आणि मग एका आडव्या फांदीखाली एक शेपूट लोंबताना दिसली. शेपटीच्या वर ठिपके, आणि ठिपक्यांच्या दोन्ही बाजूंना सैल सुटलेले चार पाय. झोपला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्यांना प्रत्येक गोष्ट कुणीतरी दाखवली होती. ही त्यांनी स्वतः शोधली होती.

संध्याकाळी कॅम्पवर पोचताच त्यांनी केंब्रिजच्या मुलाला, मिहीरला, फोन लावला.

"मिहीर, वाघ बघितला रे! झाडावर, पाय सोडून झोपलेला. मीच शोधला, मी एकटीने!"

मग मिहीर सावकाश म्हणाला, "आई, तू वाघ बघितली? पण आफ्रिकेत टायगर्स नसतात. आणि एकटीने म्हणजे? ड्रायव्हर कुठे आहे?"

"ड्रायव्हर मीच," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोन कट झाला.

आता सावंतवाडीकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. रात्री कुत्रं नेलं तर वाघाने नेलं. पट्टेवाल्याची गोष्ट असेल तर पट्टेरी म्हणायचं, नाहीतर ठिपकेवाला तोच वाघ. हे हाउन्सलोत जन्मलेल्या मिहीरला कुठून ठाऊक असणार? त्याचं मराठी फ्रिजवर लावलेल्या चित्रांच्या तक्त्यातून आलेलं, आणि त्यात ‘व’ समोर ठसठशीत पट्टे होते. तो तक्ता बाईंनीच लावला होता.

त्या परत आल्या तेव्हा दोघा मुलांचं सगळं ठरून गेलेलं होतं. विमानतळावर मिहीरने प्रेमाने मिठी मारली. घरी आल्यावर चेपलेल्या दारावरून हात फिरवला, सर्व्हिसिंगचं कारण सांगितलं आणि दाराजवळच्या हुकावरची किल्ली खिशात टाकली. दोन दिवस तो इथेच राहणार होता, आणि दुसऱ्या दिवशी एक अपॉइंटमेंट होती. रुटीन, असं तो म्हणाला. शिल्पाने व्हिडिओवरून डॉक्टरी आवाजात समजावलं की या वयात असं होतं, लवकर कळलेलं बरं, आणि तोवर गाडी नको.

"असं म्हणजे कसं?" बाईंनी विचारलं.

शिल्पाने नजर वळवली. "आई, नसलेला टायगर दिसला तुला. आणि तो खंड्या."

बाईंच्या लक्षात सगळं आलं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. फोटोही होता, हातातल्याच फोनमध्ये. पण त्यांच्या मस्तकात अशी तिडीक गेली की तोंड उघडलं नाही. आज वाघाचा पुरावा दिला तर उद्या दुसऱ्या शब्दाचा द्यावा लागेल, परवा तिसऱ्याचा, आणि दर वेळी किल्ली मुलांच्या खिशात. एकाने तरी विचारायचं होतं, आई, वाघ म्हणजे काय बघितलंस? आपल्या पोटच्या पोरांना आपण असे दिसतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या की येते, घ्या काय परीक्षा घ्यायची ती.

स्मरणशक्ती तपासायच्या क्लिनिकमध्ये सारा नावाची हसतमुख नर्स होती. मिहीर कोपऱ्यात खुर्चीवर बसला. साराने वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मग चित्रं दाखवली. सिंह आणि गेंडा बघून बाईंना हसू आवरेना. शेवटी साराने सांगितलं, मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगा.

"पक्षी धरून की सोडून?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

त्या रस्त्यात जसे भेटले तसे सांगत सुटल्या. फाटकापाशी रानडुक्कर, वळणावर हत्ती, पुलाखाली पाणघोडा, आणि मोठ्या झाडावर पाय सोडून झोपलेला लेपर्ड. कोपऱ्यातल्या मिहीरने मान वर केली. झाडावर, पाय सोडून झोपलेला. हे शब्द त्याने फोनवर मराठीत ऐकले होते. साराने मध्येच पेन खाली ठेवलं आणि काळजीचं काही नाही म्हणाली.

बाहेर भुरभुर पाऊस होता. पार्किंगचं मशीन दुसऱ्या टोकाला, म्हणून आईने गाडीत बसावं यासाठी मिहीरने किल्ली तिच्या हातात दिली. पैसे भरून तो आला तेव्हा बाई गाडीत बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर, पट्टा लावून.

त्याने काचेवर टकटक केलं. बाईंनी काच चार बोटं खाली घेतली.

"आई, तो लेपर्ड... त्यालाच तू वाघ म्हणतेस?"

"आमच्याकडे सगळेच म्हणतात."

"मग सांगितला का नाही मला?"

"तू विचारलंस कुठे? तू अपॉइंटमेंट घेतलीस."

मिहीर भिजत उभा राहिला. सॉरी म्हणाला, मनापासून म्हणाला. आणि मग, सवयीने, त्याने दाराच्या हँडलला हात घातला. "बरं, आता तू त्या साइडला बस. मी चालवतो."

दार आतून लॉक होतं.

"मिहीर, तिथल्या रेंजरबाईंनी एक नियम शिकवलाय मला. काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. उतरलं की खातात. मी उतरणार नाही. आज नाही, तुम्ही दोघं म्हणालात म्हणून तर कधीच नाही. यायचं असेल तर तिकडून ये."

मिहीरने हँडल सोडलं. मग गाडीला वळसा घालून चेपलेल्या दाराशी आला, ते दोनदा ओढून उघडलं आणि शेजारी बसला. बाईंनी गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि फाटकातून बाहेर पडून घराच्या उलट दिशेला, क्रेन नदीकडे वळवली.

"घरी नाही जायचं?" मिहीरने विचारलं.

"आधी नदीवर. पट्टा लाव, आणि शिल्पाला फोन कर," सुनीतीबाई म्हणाल्या. "सांग, आई खंड्याला भेटायला चालली आहे. गाडी आईच चालवते आहे."