मुकादमबाईंवर राज्य

इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत मुकादमबाईंचा दरारा असा, की त्या जिना उतरू लागल्या की यंत्रंसुद्धा जरा ताठ उभी राहतात, असं इस्त्रीवाला म्हणायचा. हा इस्त्रीवाला ताडमाड उंच आणि मान पुढे काढून चालणारा, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. त्याची त्याला काही हरकत नव्हती. बाईंना टोपणनाव ठेवायची मात्र कोणाची छाती झाली नाही.

बाईंनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. चादरीची कड कडेला जुळली नाही, तर त्या अख्खा गठ्ठा विस्कटत आणि म्हणत, "घाला पुन्हा." रागावून नाही, शांतपणे, म्हणूनच जास्त लागायचं. घरीही फारसं बोलणं उरलं नव्हतं. यजमान बस चालवायचे, ते निवृत्त झाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. संध्याकाळी बाई विचारत, "जेवलात?" ते म्हणत, "हो." झाला संवाद.

एका दुपारी बॉयलर बंद पडला. वाफ नाही म्हटल्यावर धुणं नाही आणि इस्त्रीही नाही. मिस्त्री येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. घड्या घालणाऱ्या बायका टेबलाला टेकून जांभया देऊ लागल्या. इतकी शांतता त्या तळघराने कधी अनुभवली नव्हती. तेवढ्यात उंट गमतीने म्हणाला, "बाई, लपाछपी खेळायची का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता याची खैर नाही, असं प्रत्येकीला वाटलं. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "राज्य कोणावर?"

 मग उंट आपणहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्याने आकडे म्हणू लागला. आणि मग जी पळापळ झाली. एक बाई यंत्रामागे, दुसरी टेबलाखाली, तिसरी साबणाच्या पोत्यांआड. मुकादमबाई मात्र मधोमध उभ्याच. काळीज असं धडधडत होतं की उंटाला ऐकू जाईल की काय, असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांत ही धडधड त्यांना भेटलीच नव्हती. आई आजारी पडली आणि थोरली म्हणून घर त्यांच्या अंगावर आलं, त्यानंतर काळीज धडधडलं ते फक्त काळजीने. ही धडधड निराळी होती. हिच्यात गुदगुल्या होत्या.

दाराशी धुतलेल्या चादरींची ट्रॉली भरून ठेवली होती. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या, कठड्यावरून पाय टाकला आणि आत सूर मारला. वर चार चादरी ओढून घेतल्या. घड्या पार विस्कटल्या आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

इतक्यात ट्रॉलीवाला आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कानातली गाणी ऐकत ट्रॉली ढकलायला सुरुवात केली. ओरडावं, तर उंट चार पावलांवर. ओरडलं की सापडलंच. बाईंनी ओठ दातांखाली दाबले. लिफ्टचं दार लागलं. "आज चादरी ओल्याच दिल्यात वाटतं," ट्रॉलीवाला पुटपुटला, "केवढ्या जड." बाईंना असं हसू फुटलं की त्यांनी तोंडात चादरीचं टोक कोंबलं.

वरच्या मजल्यावर ट्रॉली वॉर्डात लावून तो निघून गेला. मोठ्या सिस्टरांनी वरची चादर उचलली, तर खालून दोन डोळे.

"बाई? अहो, बरं वाटत नाहीये का? झोपा अशाच, मी डॉक्टरांना..."

"हळू बोला," बाई कुजबुजल्या. "मी लपलेय. माझ्यामागे उंट आहे."

सिस्टरांनी बाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी चादर पुन्हा बाईंच्या डोक्यावरून ओढली, हलक्या हाताने चापून चोपून बसवली आणि वॉर्डाकडे वळून तोंडावर बोट ठेवलं. पाय लटकावलेले, सलाईन लावलेले, नुकतेच टाके काढलेले, सगळे उशीवरून माना उचलून बघत होते. एकानेही हूं की चूं केलं नाही.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. तळघर पालथं घालून झाल्यावर ट्रॉली गेल्याचं उंटाच्या ध्यानात आलं होतं. धापा टाकत तो दारात उभा राहिला.

"सिस्टर, आमच्या बाई इकडे आल्यात?"

"इथे रुग्ण असतात," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी इंजेक्शनच्या सुईसारखा.

पाय मोडलेल्या एका गृहस्थांनी मात्र गंभीरपणे बोट केलं, "त्या तिकडे गेल्या. टोकाच्या खिडकीकडे."

उंट तिकडे वळला. त्याची पाठ फिरते न फिरते तोच बाई ट्रॉलीतून बाहेर आल्या, अनवाणी धावल्या आणि त्याच्या पाठीवर हाताचा तळवा असा बसला की उंट जागच्या जागी वाकला.

"धप्पा," बाई म्हणाल्या. आणि अख्ख्या वॉर्डाने तोच शब्द आरोळीसारखा उचलला.

आरोळी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेली. बोलावणं आलं. बाई केस सारखे करून समोर उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे, साहेब. त्या ट्रॉलीतल्या सगळ्या चादरी पुन्हा धुवायला टाकल्यात. यापुढे ट्रॉलीत कोणी बसणार नाही आणि वॉर्डात कोणी येणार नाही. पण जेवणाच्या सुट्टीत खाली खेळायला मात्र हो म्हणा."

"या वयात, बाई?"

"लहान होतो तेव्हा परवानगी मागावी लागत नव्हती. म्हणून आता मागतेय."

डॉक्टरांनी हातातलं पेन मिटून खिशाला लावलं. मग म्हणाले, "खेळा. पण मला एक सांगा, तो एवढा उंच माणूस लपतो तरी कुठे?"

"तो लपत नाही, साहेब. तो नुसते डोळे मिटून घेतो."

त्या संध्याकाळी बाईंचे गुडघे ठणकत होते आणि तरी त्या जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढल्या. यजमानांना त्यांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली. ट्रॉली, लिफ्ट, सिस्टर, सगळं. सांगताना हातवारे इतके, की टेबलावरचा पेला कलंडला. यजमान ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "पाठीवरच दिलास ना? खांद्यावरचा धरत नाहीत."

"पाठीवरच," बाई म्हणाल्या.

लाँड्रीतली लपाछपी सुरू राहिली. सुट्टी संपली की बाई पुन्हा पूर्वीसारख्याच. कड जुळली नाही की गठ्ठा विस्कटलाच. पण आता बायका घड्या घालताना गप्प नसत. उद्या कुठे लपायचं, याच्या मसलती चालत आणि बाई जवळ आल्या की बंद पडत, कारण बहुतेकदा राज्य बाईंवरच असे.

असंच एकदा बाई घरी आल्या, तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी. हाक मारली, उत्तर नाही.  स्वयंपाकघरात कोणी नाही. न्हाणीघराच्या दाराबाहेर यजमानांच्या चपला जोडीने ठेवलेल्या आणि दार लोटलेलं.

"अहो?"

बाईंनी दार ढकललं. आत कोणी नाही. आणि त्याच क्षणी मागून, पाठीच्या बरोबर मधोमध, थाप पडली.

यजमान पडद्यामागून बाहेर येऊन उभे होते. अनवाणी, केस विस्कटलेले, धाप लागलेली, पण चेहरा उजळून निघालेला.

"चपला मुद्दाम ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "चल, राज्य तुझ्यावर."

बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली टाकली, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.